टर्नरची अट

वडिलांच्या डोळ्यांत काचबिंदू झाला आणि दुकान माझ्याकडे आलं. दुकान म्हणजे बीडला एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत पत्र्याच्या दोन खोल्या आणि त्यांत छतापर्यंत जुन्या मोटारींचे सुटे भाग. वडील एका सहकारी साखर कारखान्यात स्टोअरकीपर होते. ते निवृत्त झाले त्याच वर्षी कारखान्यानं गॅरेजमधल्या चार जुन्या जीपगाड्या, दोन मोटारी आणि त्यांचं सगळं सामान लिलावात काढलं. बाकीचे लोक भंगार म्हणून बोली लावत होते. वडिलांनी सगळंच घेतलं आणि दोन ट्रकांतून घरी आणलं. आई दारात उभी राहून म्हणाली, "लोकं निवृत्त झाल्यावर काशीला जातेत. तुमी लोखंड घेऊन आलात."

पण ते लोखंड खपलं. पुण्याकडे, कोल्हापूरकडे जुन्या गाड्या हौसेनं जपणारी माणसं होती. पन्नास वर्षांपूर्वीच्या जीपला लागणारा एखादा बुश, म्हणजे दांड्याभोवती बसणारी धातूची नळी, त्यांना कुठंच मिळायचा नाही. त्यांची पत्रं यायची, पत्रात पेन्सिलनं काढलेलं चित्र, बाजूला मापं. वडील ते चित्र वाचायला सांगायचे, उठायचे, मांडणीपाशी जाऊन हात फिरवायचे आणि नेमका तोच भाग काढून माझ्या हातात द्यायचे. पुढं पुढं त्यांना माझा चेहराही धूसर दिसायचा, पण बेअरिंग कुठल्या गाडीचं ते बोटांना कळायचं.

अडचण पुढं आली. लिलावातलं सामान संपत चाललं आणि नवीन कुठं बनत नव्हतं. आता आपणच घडवायला हवं होतं. एका बंद पडलेल्या जिनिंग सोसायटीतून मी लोखंड कातायची जुनी लेथ घेतली. ती चालवणारा कुणी नव्हता, म्हणून सहा महिने ती गोणपाटाखाली झाकून होती. मी स्थानिक पेपरात जाहिरात दिली: जुन्या मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानासाठी कुशल व विश्वासू कामगार पाहिजे.

तो दुष्काळाचा दुसरा उन्हाळा होता. गल्लीत टँकर चार दिवसांनी यायचा. जाहिरातीच्या दिवशी सकाळी मी दुकान उघडायला गेले, तर दारात माणसंच माणसं. पाटोद्याचे, शिरूरचे, केजचे. कुणी बैल सोडून आलेलं, कुणी ऊसतोडीवरून परत आलेलं. पाना कधी हातात धरलेला माणूस त्यांत एक नव्हता. "लेथ येतं का?" असं विचारलं की म्हणायचे, "येईल की ताई, शिकलं की येतंय." त्यांचं खोटं नव्हतं. काम पाहिजे होतं, कुठलंही. मी सगळ्यांना चहा दिला आणि परत पाठवलं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

शेवटी जो ठेवला तो चिठ्ठी घेऊन आला होता. चिठ्ठी तालुक्यातल्या एका पुढाऱ्याची, त्यात एवढंच: "सदर इसम आपलाच आहे." इसम हसरा होता, झब्ब्याला कडक इस्त्री. गिऱ्हाइकाशी गोड बोलायचा. दुकानापेक्षा त्याचं लक्ष गल्लीतून कुणाची गाडी गेली याच्याकडे जास्त. महिनाभरानं कोल्हापूरच्या एका गिऱ्हाइकाकडून पार्सल परत आलं. जुन्या जीपच्या डाव्या चाकांच्या नटांना उलटे आटे असतात. ते डावीकडं फिरवले की आवळतात. आमच्या इसमानं सगळे उजवे पाठवले होते. तिथल्या मेकॅनिकनं ते ठोकून बसवायला पाहिले आणि चाकाचे बोल्ट खराब झाले. पत्रात लिहिलं होतं, "ताई, आपल्या दुकानात डावं-उजवं कळणारं माणूस आहे का?"

मी इसमाला पत्र दाखवलं. तो जराही न रागावता म्हणाला, "ताई, खरं सांगू का, मला राजकारणच जमंल." आणि गेला. पुढं तो ग्रामपंचायतीत निवडून आला; आजही भेटला की वाकून नमस्कार करतो.

वडील कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून सगळं ऐकत होते. म्हणाले, "खरा कारागीर जाहिरात वाचत न्हाई. तो कामावर असतो, न्हाईतर रुसून घरी बसलेला असतो."

"असा कुणी माहितीत आहे का तुमच्या?"

त्यांनी हातातलं बेअरिंग खाली ठेवलं. "एक हाय. कारखान्यात टर्नर होता, लेथ चालवायचा. आता कारखान्याला ऊसच न्हाई, बॉयलर थंड पडलाय, म्हंजी गावी असंल. पण तो यायचा न्हाई."

"का बरं?"

"असंच," ते म्हणाले आणि गावाचं नाव सांगितलं.

गाव वडवणीच्या पुढं. मी एसटीनं गेले, फाट्यापासून चालत. टर्नर अंगणात लिंबाच्या सावलीत बसले होते. पंचावन्नच्या आसपासचा, बारीक अंगाचा माणूस. गावच्या हातपंपाचा दांडा मांडीवर घेऊन ते कानस मारत होते. इतक्या हळू की ऐकू येऊ नये. मी पंपाबद्दल विचारलं तर म्हणाले, "पंपाला काय धाड भरलीय? पंप दुरुस्त हाय. खाली पाणीच न्हाई."

त्यांच्या कारभारणीनं विचारलं, "पाणी देऊ का चहा?" मी अवघडले. त्या म्हणाल्या, "चहाच घ्या बाई. त्यात पाणी कमी जातंय."

चहा पिता पिता मी दुकानाचं सांगितलं, लेथचं सांगितलं. टर्नरांनी लेथ कुठल्या बनावटीची, पट्टा कसला, चक किती जबड्यांचा, सगळं विचारून घेतलं. डोळे चमकत होते. मग म्हणाले, "तुमी कुणाच्या म्हणायच्या?"

मी वडिलांचं नाव सांगितलं. कानस थांबली.

"तुमच्या वडलांनी तुमाला काय सांगितलं न्हाई?"

"काय?"

"मग त्यांनाच इचारा." ते उठले, दांडा भिंतीला लावला. "मी यायचा न्हाई बाई. बीडची गाडी चारला हाय. ऊन लई हाय, रस्त्यावर उभं राहू नका, शाळेच्या वरांड्यात थांबा."

घरी आल्यावर मी वडिलांना विचारलं. त्यांनी सगळं सांगितलं, एका दमात, जसं पाठ करून ठेवलेलं असावं. कारखान्याच्या स्टोअरमधून एक मायक्रोमीटर हरवला होता. केसाची जाडी मोजणारं यंत्र, महागाचं. शेवटचं ते टर्नरनं नेलं होतं आणि परत केलं असं तो म्हणत होता. वडिलांच्या नोंदीत परत आल्याची सही नव्हती. त्यांनी वर कळवलं. दुसऱ्या दिवशी पाळी सुटताना गेटवर पहारेकऱ्यानं सगळ्यांसमोर टर्नरची पिशवी पालथी केली. भाकरीचं फडकं, कांदा, ठेच्याची डबी मातीत पडली. मायक्रोमीटर नव्हता. नोकरी राहिली, पण लोक त्याच्याकडं तसंच बघायला लागले. महिन्याभरानं परत आलेल्या एका पंपाच्या खोक्यात, भुश्शाखाली मायक्रोमीटर सापडला. स्टोअरमध्येच होता तो.

"मग?"

"मग मी तो मांडणीवर ठिवला."

"कुणाला सांगितलं नाहीत?"

"न्हाई."

एवढंच. माझे वडील, ज्यांनी स्टोअरमधला एक खिळा कधी घरी आणला नाही, ज्यांच्या हिशेबीपणाचे दाखले लोक देत. मला त्यांचा इतका राग आला की मी ताट वाढून दुसऱ्या खोलीत जाऊन बसले. नंतर मीच म्हणाले, आता त्या माणसाचं नाव काढायचं नाही, मी दुसरं कुणी बघते. वडील म्हणाले, "दुकानासाठी न्हाई म्हणत मी. मला उद्या तिथं घेऊन चल."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं गेलो. टर्नर घरी नव्हते. बैल घेऊन चारा छावणीत होते, गावापासून दोन किलोमीटरवर. वडील माझ्या खांद्यावर हात ठेवून फुफाट्यातून चालले. मध्येच दोनदा थांबले, पण बसू का म्हटलं तर नको म्हणाले.

छावणीत जनावरांच्या रांगा लागल्या होत्या. उसाच्या वाढ्यांचा आणि शेणाचा वास, टँकरपाशी बादल्यांचा आवाज. टर्नर आपल्या दोन बैलांपाशी बसले होते. आजूबाजूला गावची माणसं, त्यांत कारखान्यातले दोघं-तिघं जुने कामगारही होते. आम्हाला पाहून ते उठले नाहीत. "या स्टोअरकीपर साहेब," एवढंच म्हणाले.

वडिलांनी माझ्या खांद्यावरचा हात काढला. सरळ उभे राहिले आणि मोठ्यानं बोलले, पूर्वी स्टोअरच्या खिडकीतून नंबर पुकारायचे तसं. "ते मायक्रोमीटर स्टोअरातच होतं. पंपाच्या खोक्यात. मला सापडलं आन् मी कुणाला बोललो न्हाई. मला भ्या वाटलं, माझी नोंद चुकली हे उघडं पडंल म्हणून. ह्या माणसानं चोरी केली नव्हती. चूक माझी हाय."

मग माझ्या ध्यानात आलं की वडील हे सगळं एका बैलाकडं तोंड करून बोलताहेत. कुणी हसलं नाही. टर्नर उठले, त्यांनी वडिलांचा दंड धरला आणि त्यांना आपल्याकडं वळवलं.

"इकडं हाय मी," ते म्हणाले. मग विचारलं, "डोळ्याला काय झालं?"

"काचबिंदू."

"किती दिसतंय?"

"उजेड-अंधार कळतो."

टर्नरांनी त्यांना गोणपाटावर बसवलं. पाणी दिलं, तांब्या त्यांच्या हातात नीट बसेपर्यंत स्वतः धरून ठेवला. मग म्हणाले, "सापडलं होतं ते मला ठाव होतं. तुमीच ते मला फिरून दिलं, सहा महिन्यांनी. मुठीपाशी चरा होता, माझ्याच हातनं पडलेला. मी सही केली, काम केलं, परत दिलं. म्हणलं, आज बोलंल, उद्या बोलंल."

वडिलांनी तांब्या खाली ठेवला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण ते आजारानंही यायचं, त्यामुळं मला सांगता येत नाही.

टर्नर माझ्याकडं वळले. "बाई, येतो मी कामाला. पण एक अट हाय. रोज संध्याकाळी निघताना माझी पिशवी तपासायची. तुमी न्हाई. ह्यांनी."

मी काही बोलायच्या आत वडील म्हणाले, "कबूल."

टर्नर सोमवारी आले. पहिले तीन दिवस त्यांनी लेथवर काही केलंच नाही. सगळं यंत्र सोडवलं, रॉकेलनं धुतलं, पायाखाली पत्र्याच्या पातळ चकत्या सारून पातळीत आणलं. माझ्याकडं ऑर्डरी तुंबल्या होत्या. तिसऱ्या दिवशी न राहवून मी विचारलं. ते म्हणाले, "मशीन हलतंय बाई. हलत्या मशीनवर सरळ माल निघत न्हाई." चौथ्या दिवशी त्यांनी पहिला बुश काढला. वडिलांनी तो बोटांत फिरवला, जुन्या बुशाशेजारी धरला, पुन्हा फिरवला आणि विचारलं, "ह्यातला नवा कोणता?" कोल्हापूरच्या गिऱ्हाइकाचे नट आणि बोल्टसुद्धा त्यांनीच घडवले. डाव्या आट्यांच्या प्रत्येक नटावर 'डा' असा बारीक ठसा मारायचा, ही कल्पना मात्र वडिलांची.

संध्याकाळ मला जड जायची. सहा वाजता टर्नर हात धुऊन खुर्चीसमोर उभे राहायचे आणि पिशवी वडिलांच्या मांडीवर ठेवायचे. पहिल्या दिवशी वडिलांनी फडकं चाचपलं, रिकामा डबा उघडून आत बोट फिरवलं, तंबाखूची पिशवी दाबून पाहिली. "काही न्हाई," ते म्हणाले.

"नीट पाहा."

त्यांनी पुन्हा पाहिलं. "काही न्हाई."

"बरं," म्हणून टर्नर स्टँडकडं चालू लागले. असं रोज. मी गिऱ्हाइकाच्या कागदांत तोंड खुपसून बसायची. एकदा आईनं विचारलं, "किती दिवस चालायचं हे?" वडील म्हणाले, "त्याला वाटंल तोवर."

दोनेक महिने झाले असतील. वडिलांचा हात पिशवीत गेला आणि थांबला. त्यांनी आतून एक सीताफळ काढलं. बालाघाटाच्या डोंगरातलं, लहानसं. त्या वर्षी तीही विरळाच आली होती.

"हे काय?"

"दुकानातलं न्हाई ते," टर्नर म्हणाले. "खाऊन बघ की बे, इचारतो काय."

'साहेब' गेलं आणि 'बे' आलं. वडिलांनी सीताफळ मधोमध फोडलं आणि अर्धं पुढं केलं. त्यानंतर पिशवीत रोज काहीतरी असायचं. कधी फुटाणे, कधी बोरं, कधी नुसता हातानं वळलेला सुतळीचा तुकडा, ओळखायला. वडील साडेपाचलाच खुर्ची पुढं ओढून बसायला लागले. पिशवी तपासणं काही बंद झालं नाही. दोघांनाही ते बंद करायचं नव्हतं.

पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला, त्याच्या पुढच्या वर्षी ऊस उभा राहिला आणि कारखान्यातून टर्नरांना बोलावणं आलं. जायला हवं होतं; तिथं त्यांची अठ्ठावीस वर्षं गेली होती. ते गेले त्या दिवशी मी लेथ पुन्हा गोणपाटानं झाकली. तिसऱ्या दिवशी दुकान उघडायला आले, तर टर्नर पायरीवर बसलेले.

"जाऊन आलतो," ते म्हणाले. "तिथं आता सगळा माल बाहेरून तयार येतोय. मोडलं की फेकायचं, नवं बसवायचं. माझं काय काम?" आणि आत जाऊन त्यांनी लेथचं गोणपाट काढलं.

काम वाढलं तसं आणखी एका माणसाची गरज पडली. सामान लावायला, काढून द्यायला. मी जाहिरातीचं म्हणाले तर टर्नर हसले. त्यांची नजर आधीच गेली होती: समोरच्या भंगारवाल्याकडं एक बाई पितळ आणि तांबं वेगळं करायला बसायची. नेकनूरकडची, धनगराच्या घरातली. दुष्काळात मेंढरं विकावी लागली, म्हणून शहरात आलेली. टर्नर म्हणाले, "ती बघत बी न्हाई आन् हात चुकत न्हाई. ती ठिवा."

"तिला वाचता येत नाही. चिठ्ठ्या कोण वाचणार?"

"वाचायचं तुमाला येतंय की."

त्यांनी तीन गाड्यांचे नट, वायसर आणि बुश एका घमेल्यात कालवले आणि ते तिच्यापुढं ठेवलं. प्रत्येक गाडीचा एकेक नमुना दाखवला. मी जेवून येईपर्यंत तिनं तीन ढीग केले होते. चौथा लहान ढीग बाजूला होता. म्हणाली, "हे तिन्हीतलं न्हाई." खरंच ते तिन्हीतलं नव्हतं, टर्नरांनी मुद्दाम टाकलं होतं.

मी विचारलं, "कसं गं ओळखलंस?"

"दीडशे मेंढरं होती आमची," ती म्हणाली. "सांजंला एक कमी असलं तरी कळायचं. हे तर हालत बी न्हाईत."

ती दुसऱ्या दिवसापासून आली. वडिलांना 'आबा' म्हणायची आणि त्यांनी चुकीच्या कप्प्यात ठेवलेला भाग न बोलता उचलून जागेवर ठेवायची. वडिलांना ते ऐकू यायचं. ते म्हणायचे, "माझ्यापेक्षा चांगली स्टोअरकीपर हाय ही. हिच्याकडं नोंदवहीच न्हाई, तर चुकंल काय?"

वडील त्यानंतर दोन वर्षं होते. त्यातल्या एका दिवाळीनंतर पुण्याचे एक वयस्क डॉक्टर त्यांची जीप घेऊन दुकानात आले. सात वर्षं ते ती दुरुस्त करून उभी करत होते, आणि तिच्यातले अकरा भाग आमच्याकडून गेले होते. गल्लीत ती शिरली तेव्हा वडील खुर्चीतून उठून उभे राहिले. कुणी सांगायच्या आधी. डॉक्टर म्हणाले, "चला, सगळ्यांनी बसायचं." आम्ही दुकानाला कुलूप लावलं. वडील पुढं, मागं मी, ती नेकनूरची बाई पदर घट्ट धरून, आणि टर्नर. पालीच्या घाटाकडं गाडी निघाली. गार वारा होता, बाजूला ज्वारी हिरवी होती.

घाटाच्या चढाला डॉक्टरांनी गिअर बदलला. वडील डोळे मिटून ऐकत होते. मागं न वळता ओरडले, "तुझा बुश वाजत न्हाई बे!"

"वाजायला तो काय स्टोअरातला हाय?" टर्नर मागून ओरडले. त्या बाईला हसू आवरेना. डॉक्टरांना काही कळलं नाही, पण तेही हसले, आणि आम्ही घाट चढून वर गेलो.